निनावी ग्रंथकार : सर वॉल्टर स्कॉट

ऐतिहासिक कादंबरीचे वेड नाही असे मराठी घर विरळाच. हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाल'पासून रणजित देसाईंच्या 'स्वामी'पर्यंत, आणि त्यानंतरही, या ग्रंथांनी आपल्या घरांत जे स्थान मिळविले ते अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकारास क्वचितच लाभले असेल. शिवकालाशी आणि पेशवाईशी आमच्या पिढीतील अनेकांचे पहिले नाते जडले ते शाळेच्या पाठ्यपुस्तकांमुळे नव्हे, तर या कादंबऱ्यांमुळे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. ज्यांनी सिंहगड डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यांनी तो प्रथम 'गड आला पण सिंह गेला'च्या पानांतून पाहिला.

हरिभाऊंना मराठीचे वॉल्टर स्कॉट म्हणण्याचा प्रघात जुना आहे. परंतु ज्याच्या नावाने हा गौरव करावयाचा, त्या मूळ पुरुषाची ओळख मात्र आता पुसट होत चालली आहे. एके काळी मॅट्रिकच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेले त्याचे नाव आज ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर जाऊन बसले आहे. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे चरित्र वाचकांपुढे संक्षेपाने ठेवावे, असे आम्ही योजिले. या चरित्रात दोन गुपिते आहेत. एक त्याने हौसेने जपले, दुसरे गरजेपोटी. पहिल्याने त्याला कीर्ती दिली, तर दुसऱ्याने त्याचे सर्वस्व हिरावून नेले. दोन्ही गुपिते उघडी पडली तेव्हा तो कसा वागला, यातच त्याच्या आयुष्याचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते.

वॉल्टर स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. वडील वकिली व्यवसायातील, काटेकोर आणि धर्मनिष्ठ. आई वैद्यकाच्या प्राध्यापकाची सुशिक्षित कन्या. मूल दीड वर्षाचे असताना त्याला ताप आला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. मोकळ्या हवेने गुण येईल या आशेने त्याला सँडिनो या गावी आजोबांच्या शेतावर पाठविण्यात आले. पाय सुधारला नाही. परंतु त्या शेतावर जे घडले त्याने इंग्रजी वाङ्मयाचा एक अध्याय लिहिला गेला.

हा प्रदेश इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरचा. शतकानुशतके येथे लुटालूट, चढाया, वैर आणि सूड यांचेच राज्य होते. शेताजवळ स्मेलहोमचा जुना बुरूज उभा होता. घरात आजी आणि आत्या पोवाडे व कथा सांगत. कलोडनच्या लढाईला तेव्हा तीसही वर्षे झालेली नव्हती. त्या बंडातील माणसे ओळखणारे वृद्ध गावोगावी हयात होते. आपल्याकडे एखाद्या आजीने मांडीवरच्या नातवाला तानाजी-बाजींच्या गोष्टी सांगाव्यात, तशा या गोष्टी त्या लंगड्या मुलाच्या कानी पडल्या. त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. एकदा ऐकलेले गीत तो सहसा विसरत नसे.

पुढे एडिंबरोच्या शाळेत आणि विद्यापीठात त्याचे शिक्षण झाले. १७८६ मध्ये तो वडिलांच्या कचेरीत उमेदवारीस लागला आणि १७९२ मध्ये वकील झाला. अर्ज, करारनामे आणि दस्तऐवज यांच्या नकला करण्यात त्याची तारुण्याची वर्षे गेली. हे काम त्याला रुचत नसे. पण एका बैठकीत पानेच्या पाने लिहिण्याची सवय त्याच्या बोटांना येथेच लागली, आणि तीच पुढे त्याच्या उपयोगी पडली. सुटी मिळताच तो सीमाभागातील दऱ्याखोऱ्यांत जाई, म्हाताऱ्यांच्या तोंडून जुने पोवाडे उतरवून घेई. त्यांचा संग्रह १८०२ व १८०३ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामी त्याला साह्य करणारा जॉन लेडन हा तरुण विद्वान नंतर मद्रासेस आला आणि हिंदुस्थानातील भाषांचा व्यासंगी म्हणून नावाजला.

१७९७ मध्ये स्कॉटने शार्लट कार्पेंटर या फ्रेंच कुळातील तरुणीशी विवाह केला. तिचा भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सेलम येथे होता. १७९९ मध्ये स्कॉट सेलकर्क परगण्याचा शेरीफ झाला आणि १८०६ मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयात त्याची लेखनाधिकारी म्हणून नेमणूक झाली. हे पद त्याने सुमारे चोवीस वर्षे सांभाळले. वर्षातील जवळजवळ सहा महिने, रोज चार ते सहा तास त्याला न्यायालयात बसावे लागे. आम्ही स्वतः सरकारी कचेरीत आयुष्य काढले असल्याने या गोष्टीचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते. ज्याची ग्रंथसंपदा एका कपाटात मावत नाही, तो लेखक पूर्ण वेळ लेखक नव्हता; तो नेमाने हजेरी देणारा अधिकारी होता. पहाटे पाचला उठावे, न्याहारीपूर्वी दिवसाचे बहुतेक लेखन उरकावे आणि मग न्यायालयाची वाट धरावी, असा त्याचा क्रम असे.

आधी त्याची कीर्ती झाली ती कवी म्हणून. १८०५, १८०८ आणि १८१० या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तीन दीर्घ कथाकाव्यांनी सारा देश वेडावला. मात्र टीकेचा पहिला कडू घोटही त्याला याच काळात प्यावा लागला. 'एडिंबरो रिव्ह्यू' हे त्या काळातील सर्वांत वजनदार परीक्षणपत्र आणि त्याचा संपादक फ्रान्सिस जेफ्री हा स्कॉटचा स्नेही. १८०८ मध्ये 'मार्मियन' या काव्यावर जेफ्रीने कठोर परीक्षण लिहिले. योगायोग असा, की त्याच सुमारास एके दिवशी जेफ्री स्कॉटच्या घरी जेवावयास येणार होता. त्याने छापील परीक्षण आगाऊ पाठवून दिले. स्कॉटने त्याचे नेहमीच्याच अगत्याने स्वागत केले, जेवताना कसलीही कटुता दिसू दिली नाही. गृहिणीला मात्र इतका संयम साधला नाही. पाहुणा निघताना, या लेखाबद्दल प्रकाशकाने आपणांस भरपूर मोबदला दिला असेल अशी आशा आहे, असा चिमटा तिने काढलाच! स्कॉटचा अबोलपणा म्हणजे त्याला काहीच लागले नाही असे मात्र नव्हे. वर्षभरातच 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' हे प्रतिस्पर्धी नियतकालिक निघाले आणि त्याच्या उभारणीत स्कॉटचा मोठा वाटा होता. राजकीय मतभेद हे त्याचे मुख्य कारण असले तरी या परीक्षणाची सल त्यात नव्हती असे कसे म्हणावे?

१८१२ मध्ये बायरनचा उदय झाला. वाचकांचे मन तिकडे वळले आणि स्कॉटच्या नव्या काव्यांचा खप उतरला. हे त्याने फारशी तक्रार न करता ओळखले. आता पुढे काय, हा प्रश्न होता. उत्तर त्याच्याच घरातील एका जुन्या मेजात पडून होते.

सुमारे १८०५ मध्ये त्याने एक गद्यकथा लिहावयास घेतली होती. १७४५ मध्ये पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड सिंहासन परत मिळविण्यासाठी स्कॉटलंडमध्ये उतरला, डोंगरी टोळ्या त्याच्या निशाणाखाली जमल्या आणि पुढील वर्षी कलोडनच्या मैदानावर त्या बंडाचा अंत झाला. आपल्याकडे साताऱ्यास शाहू छत्रपती आणि पुण्यास नानासाहेब पेशवे होते, तो हा काळ. वेव्हर्ली नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी या बंडात कसा ओढला जातो, याची ती कथा होती. पहिली सात प्रकरणे स्कॉटने आपला मित्र विल्यम अर्स्किन याला दाखविली. त्याचे मत अनुकूल पडले नाही. स्कॉटने हस्तलिखित बाजूस ठेवले. १८१० मध्ये मुद्रक जेम्स बॅलंटाइनला ते दाखविले. त्यानेही फारसे उत्तेजन दिले नाही. म्हणजे ज्या ग्रंथाने एका नव्या वाङ्मयप्रकाराचा पाया घातला, त्याचे अगदी पहिले परीक्षण प्रतिकूल होते, आणि ते मित्रांनी केलेले होते!

१८१३ मध्ये एका पाहुण्यासाठी मासे पकडण्याचे साहित्य शोधताना जुन्या मेजाच्या खणात ती पाने स्कॉटच्या हाती लागली. त्याने पुन्हा लेखणी उचलली. १८१४ च्या जून महिन्यात, अवघ्या तीन आठवड्यांत, त्याने उरलेले दोन खंड पुरे केले. या दिवसांची एक आठवण त्याचा जामात आणि चरित्रकार लॉकहार्ट याने नोंदली आहे. काही तरुण मित्र एडिंबरोतील एका घरी संध्याकाळी जमले होते. त्यांतील एकजण अस्वस्थ होऊन जागा बदलू लागला. समोरच्या घराच्या खिडकीतून एक हात दिसत होता. तो पानामागून पान लिहीत होता, थांबत नव्हता. मेणबत्त्या आल्या तरी चालूच राहिला. तो हात स्कॉटचा होता.

७ जुलै १८१४ रोजी 'वेव्हर्ली' तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. मुखपृष्ठावर कर्त्याचे नाव नव्हते. नाव का झाकले? कारणे अनेक होती. त्या काळी कादंबरी हा हलका प्रकार मानला जाई. न्यायालयाच्या जबाबदार अधिकाऱ्याने कादंबऱ्या लिहिणे शोभेल काय, ही शंका त्याला होती. प्रयोग फसला असता तर कवी म्हणून मिळविलेल्या नावास बट्टा लागला असता. आणि तिसरे कारण असे, की लपंडाव खेळण्याची त्याला मनापासून हौस होती. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून छापखान्यात जाण्यापूर्वी दुसऱ्याकडून नक्कल करून घेण्यात येत असे.

पुस्तक बाजारात आले आणि तीन आठवड्यांनी ग्रंथकार समुद्रावर गेला! दीपगृहांची पाहणी करणाऱ्या आयुक्तांच्या जहाजावर पाहुणा म्हणून तो २९ जुलै रोजी निघाला. प्रसिद्ध अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन त्या सफरीवर होता; 'ट्रेझर आयलंड'चा कर्ता हा त्याचाच नातू. उत्तरेकडील बेटांना वळसा घालून स्कॉट सप्टेंबरच्या आरंभी परतला, तेव्हा पहिली आवृत्ती संपून २,००० प्रतींची दुसरी निघाली होती आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला जात होता, की हा ग्रंथकार कोण?

परीक्षणे येऊ लागली. 'ब्रिटिश क्रिटिक'ने मोकळेपणाने स्तुती केली. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त क्रोकरने लिहिले. त्याला ग्रंथकाराचे गुण दिसले, पण इतिहास आणि कल्पित यांची ही सरमिसळ त्याला खटकली. ज्याच्यापाशी इतकी माहिती आहे त्याने त्या बंडाचा खराखुरा इतिहासच का लिहू नये, असा त्याचा रोख होता. ऐतिहासिक कादंबरीवरचा हा आक्षेप तिच्या जन्मापासूनचा आहे. आपल्याकडेही कोणती व्यक्ती खरी, कोणती काल्पनिक, कोणता प्रसंग बखरीतला आणि कोणता लेखकाच्या मनातला, हा वाद प्रत्येक गाजलेल्या कादंबरीच्या वाट्यास येतो. तो वाद नवा नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

नोव्हेंबर महिन्यात 'एडिंबरो रिव्ह्यू'त जेफ्रीचे परीक्षण आले. सहा वर्षांपूर्वी ज्याने 'मार्मियन'ची चिरफाड केली, तोच जेफ्री. ग्रंथ घाईने लिहिलेला आहे, रचना जागोजागी ढिली आहे, हे दोष त्याने दाखविले; परंतु माणसे आणि समाज यांचे चित्र इतके सत्य आहे, की नेहमीच्या कादंबऱ्या यापुढे निस्तेज ठरतात, असा निर्वाळाही दिला. शेवटी, हा ग्रंथ स्कॉटचा नसेल तर स्कॉटने आता या नव्या प्रतिस्पर्ध्यापासून सावध राहावे, असे खोचकपणे सुचविले. जेफ्रीने बरोबर ओळखले होते.

इतरांनीही ओळखले. आयर्लंडमधील कादंबरीकर्त्री मरिया एजवर्थ हिच्या घरी पुस्तक मोठ्याने वाचले गेले. तिने 'वेव्हर्लीच्या कर्त्यास' असा मायना घालून लांबलचक पत्र धाडले आणि तर्काने स्कॉटचेच नाव घेतले. जेन ऑस्टिनने आपल्या भाचीस लिहिलेल्या पत्रात थट्टेने तक्रार केली, की काव्याची कीर्ती पदरी असता स्कॉटने कादंबऱ्या लिहून इतरांच्या तोंडचा घास काढणे अन्यायाचे आहे. ऑस्टिनची स्वतःची पुस्तकेही निनावीच निघत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या थट्टेची गोडी वाढते.

यानंतर वर्षाला एक, कधी दोन कादंबऱ्या येऊ लागल्या. मुखपृष्ठावर केवळ 'वेव्हर्लीच्या कर्त्याची' एवढेच शब्द असत. १८१७ च्या अखेरीस आलेल्या 'रॉब रॉय'ची पहिली आवृत्ती १०,००० प्रतींची काढावी लागली, 'वेव्हर्ली'च्या दसपट! १८१८ मध्ये 'हार्ट ऑफ मिडलोथियन' आली, तर १८१९ च्या डिसेंबरात, सॅक्सन आणि नॉर्मन यांच्या संघर्षाचे चित्र रंगविणारी 'आयव्हॅन्हो'.

या सर्वांत 'ओल्ड मॉर्टॅलिटी' या कादंबरीची हकीकत मोठी मौजेची आहे. ती १८१६ च्या डिसेंबरात निराळ्याच टोपणनावाने निघाली. १६७९ मध्ये राजसत्तेविरुद्ध उठलेल्या कडव्या धर्मनिष्ठ कव्हेनंटर पंथीयांची ती कथा. प्रकाशक जॉन मरे याला कर्त्याचा संशय आला. स्कॉटने कानांवर हात ठेवले. एवढेच नव्हे, तर आपण कर्ते नाही याचा पुरावा म्हणून या ग्रंथाचे परीक्षण स्वतः लिहून देण्याची तयारी दाखविली. १८१७ च्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त ते परीक्षण निनावी छापून आले. ते लिहिताना त्याला मित्र अर्स्किनचे साह्य झाले, असे मानले जाते. होय, ज्याने 'वेव्हर्ली'ची पहिली प्रकरणे नापसंत केली होती, तोच अर्स्किन! आपल्या ग्रंथाची आपणच वाहवा करणे सोपे होते. या परीक्षणात मात्र दोषही सांगितले आहेत. या ग्रंथकाराचे नायक पाणीदार नसतात, घटना त्यांना जिकडे ढकलतील तिकडे ते जातात आणि कथानकाची बांधणी सैल असते, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढील दोनशे वर्षे टीकाकार स्कॉटच्या नायकांविषयी जे बोलत आले, ते त्याच्या स्वतःच्या ग्रंथाच्या या परीक्षणात आधीच येऊन गेले होते.

तथापि या लेखाचा दुसराही हेतू होता. डॉ. टॉमस मॅक्री या धर्मोपदेशक इतिहासकाराने या कादंबरीवर सविस्तर हल्ला चढविला होता. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या पूर्वजांना ग्रंथकाराने माथेफिरू ठरविले, असा त्याचा आरोप. लोकांच्या मनात देवासमान असलेल्या माणसांची गोष्ट सांगू जाणाऱ्या कादंबरीकाराची ही नेहमीची अडचण होय. स्कॉटने इतिहासाचे दाखले देऊन आपल्या चित्रणाचे समर्थन केले, पण तेही पडद्याआडून. ही कृती नीतीच्या काट्यावर पूर्ण उतरत नाही, हे मान्य केले पाहिजे. थोरांच्या चरित्रात असे कोपरे असतात. ते झाकून ठेवल्याने थोरवी वाढते असे आम्हांस वाटत नाही.

आता दुसऱ्या गुपिताकडे वळू. स्कॉट हा जेम्स बॅलंटाइनच्या छापखान्यातील भागीदार होता. वकील आणि न्यायाधिकारी असलेल्या गृहस्थाने व्यापारात पडावे हे त्या काळी प्रशस्त मानीत नसत. म्हणून ही भागी जगापासून लपविलेली होती. आपली पुस्तके आपल्याच छापखान्यात छापली जावीत, असा तो दुहेरी व्यवहार. शिवाय ट्वीड नदीच्या काठी १८११ मध्ये त्याने एक लहानसे शेत घेतले होते. शेजारची जमीन जोडत, झाडे लावीत, जुन्या किल्ल्यांसारखे बुरूज चढवीत त्याचा 'ॲबट्सफर्ड' हा प्रासाद झाला. जुनी शस्त्रे, चिलखते, हजारो ग्रंथ तेथे गोळा झाले. १८१८ मध्ये एडिंबरोच्या किल्ल्यात शंभराहून अधिक वर्षे बंद पेटीत पडलेली स्कॉटलंडची राजचिन्हे त्याच्याच खटपटीने पुन्हा उजेडात आली. १८२० मध्ये तो 'सर' झाला. परंतु हा सारा डोलारा हुंड्यांवर उभा होता. प्रकाशक कॉन्स्टेबल, छापखाना आणि लंडनमधील पेढी यांच्या हुंड्या एकमेकांत गुंतलेल्या होत्या. न लिहिलेल्या ग्रंथांवर आगाऊ पैसे उचलले जात.

१८२५ च्या अखेरीस लंडनच्या बाजारात घबराट झाली. १८२६ च्या जानेवारीत लंडनची पेढी बुडाली, तिच्यामागून कॉन्स्टेबल आणि त्याच्यामागून बॅलंटाइन. लपविलेली भागी एका दिवसात चव्हाट्यावर आली. स्कॉटच्या माथी सुमारे १,२०,००० पौंडांचे देणे येऊन पडले. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती, हे त्याच्या न्यायालयातील पदाचे वार्षिक वेतन सुमारे १,३०० पौंड होते यावरून ध्यानी येईल. सगळे वेतन दिले असते तरी ते फिटण्यास नव्वदांहून अधिक वर्षे लागली असती.

दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग कायद्याने खुला होता. मित्रांनी आणि चाहत्यांनी पैसे देऊ केले. स्कॉटने दोन्ही नाकारले. त्याने धनकोंपाशी केवळ वेळ मागितला आणि पुढील सर्व लेखनाचे उत्पन्न विश्वस्तांच्या हवाली करण्याचे कबूल केले. आपला उजवा हात हे कर्ज फेडील, असा त्याचा निर्धार होता. तेव्हा त्याचे वय ५४ वर्षांचे होते. ज्या वयात आम्हां नोकरदारांचे लक्ष निवृत्तिवेतनाच्या हिशेबाकडे लागलेले असते, त्या वयात त्याने शून्याखालून आरंभ केला.

एडिंबरोतील राहते घर विकले गेले. मे महिन्यात पत्नी निवर्तली. तो भाड्याच्या खोल्यांत राहून लिहीत होता. याच आपत्तीच्या काळात तीन महिन्यांच्या आत 'वुडस्टॉक' पुरी झाली आणि तिने ८,००० पौंडांहून अधिक रक्कम धनकोंना मिळवून दिली. पाठोपाठ नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र आले. त्याचे १८,००० पौंड आले. पहिल्या दोन वर्षांतच सुमारे ४०,००० पौंडांचे देणे फिटले. यांतील एक पैसाही त्याच्या खिशात गेला नाही.

हिशेबाचे कागद अनेकांच्या हाती गेल्यावर पहिले गुपितही फार काळ टिकणे शक्य नव्हते. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी एडिंबरो येथे नाट्यव्यवसायिकांच्या मदतनिधीसाठी भोजनसमारंभ होता. तेथे न्यायाधीश लॉर्ड मेडोबँक यांनी स्कॉटच्या अनुमतीने त्याचा उल्लेख वेव्हर्लीचा कर्ता असा केला. स्कॉट उठला आणि या सर्व कादंबऱ्यांचा एकमेव कर्ता आपणच आहोत, त्यांतील दोषांची जबाबदारीही सर्वस्वी आपली आहे, असे त्याने सभेस सांगितले. सुमारे वीस माणसांनी हे गुपित इतकी वर्षे सांभाळले होते. तेरा वर्षांपूर्वी परीक्षणकारांनी जे नाव ओळखले होते, ते आता ग्रंथकाराच्या तोंडून आले. पण तोपर्यंत त्या नावावर कर्जाचा डोंगर उभा होता.

याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहात 'सर्जन्स डॉटर' ही कथा आहे आणि तिचा उत्तरार्ध मद्रास व म्हैसूर येथे घडतो. हैदर आणि टिपू तीत येतात. स्कॉट कधी हिंदुस्थानात आला नाही. पण त्याचा मेहुणा येथे होता आणि येथून परतलेले मित्र त्याच्या अवतीभोवती होते. मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास लिहिणारा साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ हाही स्कॉटिशच होता आणि त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १८२६ मध्ये, म्हणजे स्कॉटच्या आपत्तीच्याच वर्षी. पुढे हरिभाऊंनी ऐतिहासिक कादंबरीला प्रथम हात घातला तोही टिपूच्याच विषयास. 'म्हैसूरचा वाघ' ही मेडोज टेलरच्या कादंबरीवर आधारलेली होती.

१८२९ पासून स्कॉटच्या सर्व कादंबऱ्यांची नवी मालिका दरमहा एक खंड या क्रमाने निघू लागली. एकूण ४८ खंड, प्रत्येकी पाच शिलिंग. प्रत्येक ग्रंथास त्याने नव्या प्रस्तावना आणि टिपा जोडल्या. कोणते पात्र कोणावरून सुचले, कोणती कथा कोणी सांगितली, हे सर्व मोकळेपणाने सांगितले. इतकी वर्षे झाकून ठेवलेले त्याने स्वतःच उलगडून ठेवले. या मालिकेचा खप कल्पनेपलीकडे झाला आणि कर्ज झपाट्याने उतरू लागले. १८३० मध्ये धनकोंनी कृतज्ञतेने ॲबट्सफर्डमधील ग्रंथ आणि सामानसुमान त्याला परत भेट दिले.

पण शरीर थकले होते. १८३० च्या फेब्रुवारीत अर्धांगाचा पहिला झटका आला. त्या वर्षाअखेर त्याने न्यायालयाची नोकरी सोडली. लेखन सोडले नाही. शेवटच्या कादंबऱ्यांचे कच्चे लेखन वाचून बॅलंटाइन आणि प्रकाशक कॅडेल यांनी नापसंती कळविली. ही त्याच्या ग्रंथांची अखेरची परीक्षणे, आणि ती खरी होती, हे त्याच्या मनाने जाणले. १८३१ मध्ये सरकारने दिलेल्या युद्धनौकेतून तो हवापालटासाठी माल्टा व नेपल्स येथे गेला. तेथे मन रमेना. त्याने घरी नेण्याचा धोशा लावला. २१ सप्टेंबर १८३२ रोजी, उघड्या खिडकीतून ट्वीड नदीची खळखळ ऐकू येत असताना, ॲबट्सफर्ड येथे त्याने देह ठेवला. ड्रायबरोच्या जुन्या मठात पत्नीशेजारी त्याला विश्रांती मिळाली.

मृत्यूपर्यंत अर्ध्याहून अधिक कर्ज फिटले होते. उरलेले त्याच्या ग्रंथांच्या हक्कांनी फेडले. धनकोंचे पैसे बुडाले नाहीत. एडिंबरो येथे त्याचे सुमारे २०० फूट उंचीचे स्मारक उभे आहे, आणि त्या शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाचे नाव 'वेव्हर्ली' आहे. कादंबरीचे नाव ज्या स्थानकाला मिळाले आहे, असे दुसरे मोठे स्थानक आम्हांस तरी आठवत नाही.

स्कॉटच्या कादंबऱ्या आज पूर्वीइतक्या वाचल्या जात नाहीत. वर्णने लांबलेली आहेत, बोली अवघड आहे, हे खरे. परंतु इतिहास केवळ राजांचा नसतो, लढाईत सापडलेल्या सामान्य माणसाचा, भिकाऱ्याचा, शेतकऱ्याचा, घरातल्या मोलकरणीचाही असतो, ही दृष्टी कादंबरीला त्याने दिली. बंकिमचंद्रांची 'दुर्गेशनंदिनी' १८६५ मध्ये आली, गुंजीकरांचे 'मोचनगड' १८७१ मध्ये आणि मग 'करमणूक' पत्रातून हरिभाऊंची ऐतिहासिक कादंबरी घरोघर पोहोचली. इंग्रजी शिकलेल्या त्या पिढ्यांनी स्कॉट वाचला होता. त्याने आपल्या डोंगराळ मुलुखाचे जे केले, ते आपल्या सह्याद्रीचे का करू नये, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या आपणां सर्वांस या चरित्रातून एक गोष्ट विशेष जाणवावी. स्कॉटचे सर्व भांडवल आजी आणि आत्या यांच्या तोंडून ऐकलेल्या कथांचे होते. शाळेने आणि विद्यापीठाने त्यात भर घातली, पाया मात्र शेतावरच्या त्या घरात पडला. आपल्या मंडळाने गेली पन्नास वर्षे गणेशोत्सव केले, नाटके बसविली, ग्रंथालय चालविले. ते सर्व चालू राहीलच. पण रात्री दिवा मालविण्यापूर्वी नातवंडांना मराठीतून गोष्ट सांगण्याचे काम कोणतेही मंडळ करू शकत नाही. ते ज्याचे त्याने आपल्या घरीच केले पाहिजे.